महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मोड-लॉक्ड फायबर लेझर: कोणती पद्धत निवडावी?

प्रकाशवाट

नमस्कार. नवी मुंबईतील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी प्रकाशीय संदेशवहन हा विषय शिकवते. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून एर्बियमयुक्त तंतूचा वलयाकार लेझर बांधून घ्यावा आणि त्यातून एका पिकोसेकंदाहून (सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहून) लहान स्पंद मिळवावेत, असा विचार आहे. प्रयोगशाळेत फ्यूजन स्प्लायसर (तंतूंची टोके वितळवून जोडणारे यंत्र), ९८० नॅनोमीटरचा पंप डायोड (तंतूला ऊर्जा पुरवणारा), त्याचा ड्रायव्हर आणि १०० मेगाहर्ट्‌झचा ऑसिलोस्कोप आहे. वर्णपट पाहण्याचे यंत्र ओळखीच्या ठिकाणाहून काही काळ मिळू शकेल.

मोड-लॉकिंगसाठी, म्हणजे लेझरच्या सलग प्रकाशाचे स्पंद करण्यासाठी, तीन मार्ग दिसतात. पहिला म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार ध्रुवण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) फिरण्यावर आधारलेली पद्धत, जिला सगळे एनपीआर म्हणतात. दुसरा कार्बन नॅनोट्यूबच्या पातळ पडद्याचा. तिसरा ध्रुवण टिकवून ठेवणाऱ्या पीएम तंतूचा. त्यात अर्धवाहक आरसा तरी लावायचा किंवा तंतूचेच अरेषीय (तीव्रतेनुसार वागणूक बदलणारे) वेटोळे तरी. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, कारण त्याचे बहुतेक भाग दूरसंचाराच्या बाजारात सहज मिळतात. ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांची मते हवी आहेत. तयार लेझर विकत घ्यावा, हा सल्ला मात्र कृपया देऊ नये.

खाडीपलीकडचा

तयार लेझर विकत घ्यावा. (क्षमस्व, राहवले नाही.)

घोडबंदरकर

मी संगणक क्षेत्रातला आहे, तरी विचारतो. लेझरचा प्रकाश सलग असतो, असे शाळेत शिकलो होतो. मग त्याचे स्पंद कसे होतात? समोर एखादे झाकण उघडझाप करते का?

प्रकाशवाट

@घोडबंदरकर, उघडझाप करणारी कोणतीही यांत्रिक किंवा विद्युत झडप इतकी वेगवान असू शकत नाही. १०० फेम्टोसेकंदांत (फेम्टोसेकंद म्हणजे पिकोसेकंदाचा हजारावा भाग) प्रकाश स्वतः जेमतेम ३० मायक्रॉन पुढे जातो.

वलयात फिरणाऱ्या प्रकाशाच्या सगळ्याच वारंवारता टिकत नाहीत. एका फेरीत ज्यांच्या पूर्ण लहरी बसतात त्याच टिकतात, आणि त्यांना मोड म्हणतात. वलय ५ मीटर लांब असेल तर एका फेरीला सुमारे २४ नॅनोसेकंद लागतात आणि शेजारच्या दोन मोडमधले अंतर सुमारे ४१ मेगाहर्ट्‌झ येते. एर्बियम ज्या पट्ट्यात प्रकाश वाढवते तो १५५० नॅनोमीटरच्या आसपास ३५ नॅनोमीटर रुंद धरला, तर त्यात जवळजवळ एक लाख मोड मावतात. हे मोड आपापल्या कलेने (लहरीच्या चढउताराच्या टप्प्याने) चालत राहिले की बाहेर सलग पण खडबडीत प्रकाश येतो. सर्वांच्या कला एकमेकींशी बांधल्या गेल्या की एका क्षणी सगळ्यांची बेरीज होते आणि उरलेल्या वेळी ते एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. बेरजेचा तो क्षण म्हणजे स्पंद, आणि तो दर २४ नॅनोसेकंदांनी एकदा बाहेर येतो.

कला बांधण्याचे काम वलयातला असा एखादा घटक करतो, जो मंद प्रकाश अडवतो आणि तीव्र प्रकाश सोडतो. प्रत्येक फेरीला स्पंदाच्या कडा थोड्या कापल्या जातात आणि शिखर उरते. माझा प्रश्न हा घटक कोणता असावा, एवढाच आहे.

ऐरोली_सेक्टर_आठ

प्रकाशवाट मॅडम, पीएच.डी.च्या काळात मी एनपीआरचे लेझर बांधले आहेत, त्यामुळे त्या पद्धतीबद्दल प्रेमही आहे आणि धास्तीही.

आधी प्रेमाची बाजू. काचेचा अपवर्तनांक प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर किंचित वाढतो. तंतूतील प्रकाशाचे ध्रुवण लंबवर्तुळाकार असेल तर त्यामुळे ते लंबवर्तुळ फिरते, आणि स्पंदाच्या शिखरापाशी कडांपेक्षा जास्त फिरते. पुढे ध्रुवक (ठरावीक दिशेचेच ध्रुवण सोडणारा घटक) असा लावायचा की शिखर पार जावे आणि कडा अडाव्यात. वेगळा शोषक पदार्थ लागत नाही, जळण्यासारखे काही नसते आणि काचेचा प्रतिसाद काही फेम्टोसेकंदांचा असल्यामुळे ही झडप जवळजवळ तत्क्षणी चालते. तंतूचे वेटोळे असलेल्या तीन पाळ्यांचा ध्रुवण-नियंत्रक हाताने फिरवत असताना ऑसिलोस्कोपवरची गढूळ रेघ एकदम स्वच्छ खुंट्यांच्या रांगेत बदलते. ते पाहिलेला विद्यार्थी मोड-लॉकिंग आयुष्यात विसरत नाही.

आता धास्तीची बाजू. साध्या तंतूत ध्रुवणाची दिशा ताणावर, वळणावर आणि तापमानावर अवलंबून असते. सकाळी ज्या स्थितीत लेझर लॉक झाला, त्याच स्थितीत तो दुपारी होईलच असे नाही. कोणी टेबलाला कोपर लावले, एसीचा झोत थेट तंतूवर आला, एवढ्यानेही लॉक सुटतो. म्हणून माझे मत तुमच्या विरुद्ध आहे. पीएम तंतू आणि अरेषीय वेटोळे घ्यावे. त्यात ध्रुवण भरकटत नाही आणि बटण दाबले की लेझर सुरू होतो. आज जे औद्योगिक लेझर वर्षानुवर्षे चालतात, त्यांत बहुधा पीएम तंतूच असतो.

खाडीपलीकडचा

म्हणजे विद्यार्थ्यांनी तीन पाळ्यांऐवजी एक बटण दाबायला शिकावे. त्याला चार वर्षांची पदवी कशाला?

ऐरोली_सेक्टर_आठ

टोमणा पोचला. पण पीएम तंतूचे स्प्लायसिंगही शिकण्यासारखेच असते. दोन टोकांच्या गाभ्यांबरोबर त्यांचे अक्षही जुळवावे लागतात. जोड काही अंशांनी तिरका बसला तर थोडा प्रकाश दुसऱ्या अक्षात गळतो आणि पुढे स्पंदाचे धाकटे जुळे दिसू लागते.

दवबिंदू

कोणतीही पद्धत निवडा, पण आपल्या हवेचा विचार आधी करा. पावसाळ्यात ठाणे-नवी मुंबईत दवबिंदू सहज २४-२५ अंशांवर असतो. पंप डायोडचा माउंट २० अंशांना ठेवला आणि सुट्टीच्या दिवशी इमारतीचा एसी बंद झाला, तर माउंटवर पाणी धरते. सीलबंद डायोडच्या आत ते जात नाही, पण बाहेरच्या पिना आणि सर्किट गंजतात. माउंट २५ अंशांच्या किंचित वर ठेवला तर पंपाची तरंगलांबी जराशी सरकेल, एवढेच. एर्बियमसाठी ९८० च्या आसपास त्याने मोठे नुकसान होत नाही.

दुसरे असे की संपूर्ण वलय एका झाकणबंद डब्यात ठेवा आणि तंतू जागोजागी टेपने हलकेच चिकटवा. एनपीआरची निम्मी बदनामी उघड्यावर लोंबणाऱ्या तंतूंमुळे झाली आहे.

लंबवर्तुळ

एनपीआर की पीएम, या वादाआधी एक गोष्ट विचारात घ्यावी. फायबर लेझर लॉक करणे आज तितकेसे अवघड राहिलेले नाही. बाहेर पडणारा स्पंद खरोखर लहान आणि एकसंध आहे, हे सिद्ध करणे अवघड आहे. शाळा-महाविद्यालयांतले अनेक प्रकल्प नेमके येथेच अडतात आणि अडले आहेत हे त्यांना कळतही नाही.

१०० मेगाहर्ट्‌झच्या ऑसिलोस्कोपला साडेतीन नॅनोसेकंदांहून वेगवान चढ दिसत नाही. म्हणजे २४ नॅनोसेकंदांच्या अंतरावरची रांग तो नीट दाखवील, पण प्रत्येक खुंटी ३०० फेम्टोसेकंदांची आहे की ३०० पिकोसेकंदांची, हे त्याला सांगता येणार नाही. दोहोंत हजार पटींचा फरक आहे आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

त्याहून फसवा प्रकार म्हणजे गोंगाटी स्पंद. लांब वलयात आणि जास्त पंपावर लेझर असा एक जाडजूड गठ्ठा सोडतो की ज्याच्या पोटात शेकडो अनियमित कण्या असतात. रांग स्वच्छ दिसते, वर्णपट छान रुंद आणि गुळगुळीत दिसतो, आणि पाहणारा रुंद वर्णपटावरून अतिलघु स्पंद मिळाल्याची घोषणा करून मोकळा होतो. वर्णपटाच्या रुंदीवरून स्पंदाची किमान शक्य लांबी तेवढी कळते, प्रत्यक्ष लांबी कळत नाही. सेकंट-हायपरबोलिक आकाराच्या स्पंदासाठी कालावधी आणि वारंवारतेची रुंदी यांचा गुणाकार ०.३१५ च्या खाली जात नाही. या हिशेबाने १५५० नॅनोमीटरला १०० फेम्टोसेकंदांसाठी सुमारे २५ नॅनोमीटर रुंदी लागते. पण २५ नॅनोमीटर रुंदी असूनही स्पंद कितीही लांब असू शकतो.

म्हणून मी विचारतो: मोजणार कशाने?

पत्राकाम_वागळे

चर्चा वाचतो आहे. वागळे इस्टेटमध्ये आमचे पत्रा कापण्याचे युनिट आहे आणि आमच्या यंत्रावरही फायबर लेझर असेच लिहिलेले आहे. ते तीन किलोवॉटचे आहे. तुमचा हा लेझर किती वॉटचा?

प्रकाशवाट

@पत्राकाम_वागळे, सरासरी चार-पाच मिलिवॉट मिळाले तरी आम्ही पेढे वाटू.

पत्राकाम_वागळे

मिलिवॉट! मग इतका खटाटोप कशासाठी?

ऐरोली_सेक्टर_आठ

पत्राकाम साहेब, तुमच्या यंत्रातला लेझर यटर्बियमचा असेल. तो सलग प्रकाश देतो, धातू वितळवतो आणि वायूचा झोत तो वितळलेला धातू उडवून लावतो. येथे हिशेब वेगळा आहे. सरासरी ४ मिलिवॉट आणि सेकंदाला ४ कोटी स्पंद धरले, तर एका स्पंदात सुमारे ०.१ नॅनोज्यूल ऊर्जा येते. ती ३०० फेम्टोसेकंदांत कोंबली की त्या क्षणापुरती शक्ती सुमारे ३०० वॉट होते. पुढे प्रवर्धक लावून हीच ऊर्जा हजारो पटींनी वाढवता येते.

प्रकाशाची ऊर्जा आधी धातूतील इलेक्ट्रॉनांना मिळते आणि त्यांच्याकडून ती जाळीच्या अणूंकडे जायला काही पिकोसेकंद लागतात. स्पंद त्याहून लहान असेल तर पदार्थ आजूबाजूला उष्णता पसरण्याआधीच उडून जातो, त्यामुळे कड जळत नाही आणि बर (कडेवरचा खरखरीत उंचवटा) फारशी येत नाही. तीन मिलिमीटरच्या पत्र्यासाठी याचा काही उपयोग नाही, तुमचे आहे तेच यंत्र उत्तम. पण हृदयाच्या धमनीत बसवायचे स्टेंट, मोबाइलच्या पडद्याची काच किंवा अगदी पातळ फॉइल कापायचे काम आले, तर हेच लेझर लागतात.

चष्मिस_ठाणेकर

माझ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांनी फेम्टो असा शब्द वापरला होता. तो हाच का?

लंबवर्तुळ

होय, त्याच कुळातला. बुबुळावरच्या पारदर्शक पटलात ठरावीक खोलीवर स्पंद केंद्रित करून सूक्ष्म बुडबुड्यांची चादर तयार करतात आणि तिच्यावरचा पापुद्रा उचलतात. त्यासाठीची तरंगलांबी १०३० ते १०५० नॅनोमीटरच्या आसपास असते. वरच्या थरांना धक्का न लावता आतच परिणाम घडतो, कारण तेवढी तीव्रता फक्त केंद्रबिंदूपाशीच असते.

प्रकाशवाट

@लंबवर्तुळ, तुमचा प्रश्न रास्त आहे. ऑटोकोरिलेटर (स्पंदाची त्याच्याच प्रतीशी तुलना करून लांबी मोजणारे यंत्र) विकत घेणे आमच्या अंदाजपत्रकात बसत नाही. त्याच्या किमतीत लेझरचे सगळे भाग येऊन पैसे उरतील. काही पर्याय आहे का?

लंबवर्तुळ

आहे, आणि १५५० नॅनोमीटरला तो विशेष सोपा आहे. या तरंगलांबीच्या एका फोटॉनची ऊर्जा ०.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर सिलिकॉनचे पट्टाअंतर (त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट. एकट्या फोटॉनला सिलिकॉन दाद देत नाही, पण दोन फोटॉन एकाच वेळी आले तर १.६ होतात आणि विद्युतप्रवाह मिळतो. म्हणजे साधा सिलिकॉन फोटोडायोडच तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात प्रतिसाद देणारा शोधक बनतो, आणि महागडा स्फटिक लागत नाही.

मायकेल्सन व्यतिकरणमापी मांडा, म्हणजे प्रकाश दोन शाखांत विभागून आरशांवरून परत एकत्र आणणारी मांडणी. एक आरसा स्थिर ठेवा आणि दुसरा छोटा आरसा लाउडस्पीकरच्या पडद्यावर चिकटवून स्पीकरला काही हर्ट्‌झचा सिग्नल द्या. आरसा १५ मायक्रॉन सरकला की विलंब १०० फेम्टोसेकंदांनी बदलतो. दोन्ही शाखांतून परत आलेला प्रकाश भिंगाने फोटोडायोडवर केंद्रित करा. मोजपट्टी वेगळी लागत नाही, कारण व्यतिकरणाचा प्रत्येक पट्टा सुमारे ५.२ फेम्टोसेकंदांचा असतो. पट्टे मोजले की वेळ कळतो. मांडणी बरोबर असेल तर मधले शिखर आणि दूरची पातळी यांचे गुणोत्तर ८ ला १ येते. ते आले नाही तर शाखा जुळलेल्या नाहीत, असे समजावे. गोंगाटी स्पंद असेल तर रुंद उंचवट्यावर मध्येच एक अणकुचीदार सुळका दिसतो, म्हणजे लबाडी लगेच पकडली जाते.

सिग्नल क्षीण असेल. कमी पडला तर एर्बियमचा छोटा प्रवर्धक जोडता येतो, पण त्यातला तंतूही स्पंदाची लांबी बदलतो, हे हिशेबात धरावे. हीच युक्ती १०३० नॅनोमीटरला चालत नाही, कारण तेथे एकच फोटॉन १.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो आणि सिलिकॉन त्याला थेट शोषून घेते.

घोडबंदरकर

हे आवडले. पण तंतू स्पंदाची लांबी का बदलतो? मला असे समजले: ठाण्याहून फास्ट आणि स्लो लोकल एकाच वेळी सुटल्या तरी कल्याणला वेगवेगळ्या वेळी पोचतात. स्पंदातल्या निरनिराळ्या तरंगलांब्यांचेही तसेच होत असावे. बरोबर का?

लंबवर्तुळ

अपस्करणापुरती (तरंगलांबीनुसार वेग वेगळा असण्यापुरती) उपमा चालेल. मात्र त्या लोकल वाटेत एकमेकींचा वेग बदलत नाहीत, आणि येथे तीव्रतेमुळे तेही घडते.

दूरसंचाराच्या साध्या सिंगल-मोड तंतूत १५५० नॅनोमीटरला छोट्या तरंगलांब्या पुढे पळतात. १०० फेम्टोसेकंदांचा क्षीण स्पंद अशा तंतूच्या एका मीटरमधून गेला की सुमारे ६०० फेम्टोसेकंदांचा होतो. एका मीटरची पॅच-कॉर्ड आणि सहापट फुगवटा! म्हणून लेझरपासून मोजमापापर्यंतचा तंतू किती लांब आहे, हे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावे.

स्पंद तीव्र असेल तर काचेची अरेषीयता नेमका उलटा परिणाम करते आणि दोन्ही तोलले गेले की सॉलिटॉन तयार होतो. अशा तंतूतून तो आकार न बदलता जाईल, असे हासेगावा आणि टॅपर्ट यांनी १९७३ मध्ये दाखवले आणि १९८० मध्ये मोलेनॉअर यांच्या गटाने ते प्रयोगाने पडताळले. या तोलाची किंमत अशी की सॉलिटॉनची ऊर्जा ठरलेली असते. पंप वाढवला तर स्पंद मोठा न होता एकाचे दोन आणि दोनाचे चार होतात. म्हणून लॉक झाल्यावर पंप थोडा खाली आणावा, लॉक सहसा टिकतो आणि वलयात एकच स्पंद उरतो. वर्णपटावर दोन्ही बाजूंना टोकदार सुळके दिसले तर घाबरू नका. ते केली यांच्या नावाने ओळखले जाणारे पार्श्वपट्टे असतात आणि सॉलिटॉन असल्याची ती चांगली खूण आहे.

खाडीपलीकडचा

तिघांत नॅनोट्यूबचा मार्ग अनाथ राहिला आहे. विद्यार्थ्यांना नॅनो म्हटले की उत्साह येतो, आणि प्रकल्पाच्या शीर्षकालाही वजन येते.

ऐरोली_सेक्टर_आठ

शीर्षकाला येते, हे खरे. नॅनोट्यूब, मग २००९ पासून ग्राफिन, मग मॉलिब्डेनम डायसल्फाइड, मग काळा फॉस्फरस. जो पदार्थ नव्याने चर्चेत आला तो दोन कनेक्टरांच्या मध्ये चिकटवून मोड-लॉकिंग मिळाल्याचे निबंध निघत राहिले. त्यांतले काही काम उत्तम आहे. पण ज्या वलयात ध्रुवण-नियंत्रक आणि ध्रुवणावर अवलंबून नुकसान करणारा घटक असतो, तेथे पडदा काढून टाकला तरी एनपीआरने लॉक होऊ शकतो. ती उलटतपासणी न केलेल्या निबंधावर मी विश्वास ठेवत नाही. शिवाय कनेक्टरमधला पॉलिमरचा पडदा जास्त शक्तीवर करपतो आणि फेरूलचे (कनेक्टरमध्ये तंतू धरणाऱ्या नळीचे) तोंड खराब करतो.

जुनी_ओळ

थोडा इतिहास जोडतो, कारण निवडीशी त्याचा संबंध आहे. मोड-लॉकिंग १९६४ मध्ये हेलियम-निऑन लेझरमध्ये बेल प्रयोगशाळेत झाले. त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत बारामतीला जन्मलेल्या आणि पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या सी. के. एन. पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. पत्राकाम साहेबांच्या व्यवसायात फायबर येण्याआधी तोच राज्य करत होता. १९८७ मध्ये एर्बियम तंतूचे प्रवर्धक आले आणि त्यामुळे आज प्रकाशवाट मॅडमना पंप डायोडपासून आयसोलेटरपर्यंतचे (प्रकाशाला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या घटकापर्यंतचे) भाग बाजारात मिळतात, कारण ते सारे दूरसंचारासाठी बनले. १९९३ मध्ये एमआयटीच्या टामुरा, इपेन, हाउस आणि नेल्सन यांनी एनपीआरच्याच वलयातून ७७ फेम्टोसेकंद मिळवले. त्यांनी वलयात उलटसुलट अपस्करणाचे तंतू जोडून स्पंदाला फेरीत फुगू आणि आकसू दिले. त्यामुळे सरासरी तीव्रता उतरली आणि सॉलिटॉनच्या ऊर्जेची मर्यादा ओलांडता आली.

म्हणजे एनपीआर जुने झाले असे म्हणू नये. शिकण्याच्या दृष्टीने त्यात जितके भौतिकशास्त्र उघड्यावर दिसते, तितके बटणवाल्या लेझरमध्ये दिसत नाही.

दवबिंदू

सुरक्षिततेबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. १५५० नॅनोमीटरला डोळ्यासाठी सुरक्षित म्हणण्याची पद्धत आहे. हा प्रकाश बुबुळाच्या पुढच्या भागात शोषला जातो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत फारसा पोचत नाही, एवढाच तिचा अर्थ. ९८० नॅनोमीटरचा पंप मात्र थेट पडद्यावर केंद्रित होतो, दिसत नाही आणि डोळा मिटण्याची प्रतिक्षिप्त क्रियाही होत नाही. पंप चालू असताना कनेक्टरचे तोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरणे हा सर्वांत धोकादायक प्रकार आहे. स्प्लायस करताना ड्रायव्हरची किल्ली शिक्षकाच्या खिशात असावी.

प्रकाशवाट

सर्वांचे आभार. चर्चेनंतर माझा बेत असा ठरतो आहे. पहिल्या सत्रात एनपीआरचे वलय, झाकणबंद डब्यात. त्याच्या जोडीला दुसऱ्या गटाने सिलिकॉन फोटोडायोड आणि लाउडस्पीकर वापरून ऑटोकोरिलेटर बांधायचा, आणि मोजमाप होईपर्यंत अहवालात कोठेही फेम्टोसेकंद हा शब्द लिहायचा नाही. पीएम तंतूचा लेझर पुढच्या वर्षी, कारण तेव्हा तो मोजण्याचे साधन आमच्याकडे असेल. ऐरोलीकर सर, मतभेद कायम असला तरी एक विचारते: बाहेर काढण्यासाठी १० टक्क्यांचा कपलर (प्रकाशाचा ठरावीक वाटा बाहेर काढणारा जोड) ठेवू की ३० टक्क्यांचा?

ऐरोली_सेक्टर_आठ

मोजण्याचे साधन आधी, हा क्रम मला मान्य आहे, त्यामुळे मतभेद अर्धाच उरला.

पहिल्या वलयासाठी १० टक्के ठेवा. वलयात प्रकाश जास्त राहिला तर ध्रुवण फिरण्यासाठी पुरेशी तीव्रता मिळते आणि लॉक कमी पंपावर होतो. लॉक स्थिर झाल्यावर ३० टक्के लावून पाहा, ऑटोकोरिलेटरला जास्त प्रकाश मिळेल. कपलर ध्रुवकाच्या आधी आणि नंतर, दोन्ही जागी लावून वर्णपट घ्या, दोन्हीकडे स्पंद वेगळा दिसेल. आयसोलेटर ध्रुवणावर अवलंबून असलेला घेतला तर ध्रुवक वेगळा लागणार नाही. मागणी नोंदवताना ते स्पष्ट लिहा, कारण दूरसंचारासाठी दुकानदार नेहमी ध्रुवणाशी संबंध नसलेलाच देतात आणि तो लावला तर पाळ्या कितीही फिरवल्या तरी काहीही होणार नाही.